जंगल कुणाला लपवतं? गडचिरोलीच्या नकाशावरून सशस्त्र बंडखोरी समजून घेताना

दर पावसाळ्यात एक बातमी हमखास येते: 'पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला.' मुंबई-पुण्यात ती वाचून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. पण गडचिरोलीत चाळीस वर्षांहून जास्त काळ नक्षलवाद्यांचं जे सशस्त्र बंड चाललं ते समजून घ्यायचं असेल, तर या बातमीपाशी जरा थांबायला हवं. पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की तहसील कचेरी, पोलीस ठाणं, दवाखाना सगळं जागच्या जागी असतं, पण कुणाला येता येत नाही की जाता येत नाही. तालुक्याच्या गावाची ही गत, तर त्याच्याही पलीकडे, नाल्यांच्या आड असलेल्या पंधरा-वीस घरांच्या टोल्यांची काय असेल? पावसाळ्याचे चार महिने तिथे सरकार पोचतच नाही. मग जो पोचतो, मुक्काम करतो, ज्याला तिथल्या पायवाटा आणि माणसांची नावं ठाऊक असतात, त्याचा शब्द चालतो.

सशस्त्र बंडखोरी आणि ती मोडण्याची सरकारी मोहीम आपण बहुतेक वेळा आकड्यांत मोजतो. किती मारले गेले, किती शरण आले, किती हत्यारं सापडली. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांतून एक साधा प्रश्न सुटत नाही. राज्याकडे हजारो जवान, हेलिकॉप्टर, बिनतारी यंत्रणा, पैसा. समोर जंगलात काही शे माणसं. मग ही लढाई चार दशकं चालतेच कशी? याचं उत्तर दोन गोष्टींत आहे: जमीन कशी आहे, आणि त्या जमिनीवर राहणारी माणसं काय ठरवतात. यांतली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे, असं माझं ठाम मत आहे. जंगल स्वतःहून कुणालाच लपवत नाही. जंगलातली माणसं गप्प राहतात, म्हणून ते लपवतं.

आधी नकाशा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. पण २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती आणि गडचिरोलीत पावणेअकरा लाखांच्या आसपास. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. उत्तरेला कोरची, दक्षिणेच्या टोकाला सिरोंचा. गडचिरोली शहरापासून सिरोंचाच सुमारे २०० किलोमीटर दूर.

भोवती नद्या. पश्चिमेच्या कडेने वैनगंगा वाहते, वर्धेला मिळून तिची प्राणहिता होते, प्राणहिता पुढे गोदावरीला मिळते. आग्नेयेला इंद्रावती, आणि पूर्वेला लागूनच छत्तीसगडमधलं अबुझमाड: डोंगर-जंगलाचा जवळपास चार हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, ज्याची धड जमीनमोजणीसुद्धा स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं झाली नव्हती. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला तेलंगणा.

राज्यांची सीमा ही माणसांनी कागदावर आखलेली रेघ आहे, पण बंडखोराला ती डोंगराइतकीच उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या पोलिसांनी दबाव वाढवला की दलम, म्हणजे नक्षलवाद्यांचं सशस्त्र पथक, नदी उतरून पलीकडे जातं. पलीकडे वेगळं राज्य, वेगळं पोलीस खातं, वेगळे वरिष्ठ, वेगळी प्राधान्यं. पाठलाग करणाऱ्याने परवानगी घेऊन निरोप पोचवेपर्यंत दोन रात्री उलटलेल्या असतात. नक्षलवाद्यांनी आपली संघटनाच राज्यांच्या हद्दी न मानता बांधली. त्यांच्या लेखी हा सगळा पट्टा एकच 'दंडकारण्य'. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप स्थापन केला आणि त्याच वर्षी पाच-सात जणांची पथकं गोदावरी ओलांडून गडचिरोली आणि बस्तरमध्ये धाडली. त्यामागचा विचारही भूगोलाचाच होता. तेलंगणात लढायचं तर माघार घ्यायला पाठीमागे सुरक्षित जागा हवी.

ऋतूंचंही गणित असतं. पावसाळ्यात जंगल दाट, नद्या दुथडी, दोन्ही बाजूंच्या हालचाली मंद. उन्हाळा आला की सागाची पानं गळतात, लांबवरचं दिसू लागतं, नद्या पायी उतरता येतात. नक्षलवाद्यांच्या मोठ्या हल्ल्यांची मोहीम म्हणूनच उन्हाळ्याच्या महिन्यांत चालत आली. त्याच सुमारास तेंदूपानाचा हंगाम येतो आणि ठेकेदारांकडून उकळलेली खंडणी ही त्यांची मोठी कमाई. जंगल आसरा देतं तसा पैसाही देतं, हे विसरता कामा नये.

आणि रस्ता. शहरात बसून वाटतं की रस्ता झाला म्हणजे पोलिसांची सोय झाली. कच्चा रस्ता किंवा त्यावरची मोरी ही भूसुरुंग पेरायला सगळ्यात सोयीची जागा असते, कारण गाडी तिथूनच जाणार हे नक्की असतं. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रात्रीतून रस्त्याच्या कामावरची पंचविसाहून जास्त वाहनं जाळली. त्यानंतर शीघ्र कृती दलाचे जवान एका खासगी गाडीतून तिकडे निघाले आणि जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ जवान गेले, आणि गाडी चालवणारा साधा नागरिकही गेला. आधीची जाळपोळ हे आमिष होतं. कोणत्या रस्त्याने गाडी येईल, हे जमीन ओळखणाऱ्याला आधीच दिसत होतं. जंगलात जाणारं पथक वाहन टाळून रात्री पायी चालतं, वाट सोडून चालतं, आणि ज्या वाटेने गेलं तिने परतत नाही. हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत.

आता गाव

आता डोळ्यांपुढे एक टोला आणा. वीस-बावीस घरं, बांबूच्या ताट्यांची कुंपणं, मधे गोटुल, म्हणजे गावाचं सामूहिक सभाघर. संध्याकाळ उलटल्यावर आठ-दहा जण येतात. खांद्याला बंदुका. त्यांतली दोघं-तिघं शेजारच्याच गावची, माडिया ही इथली आदिवासी भाषा बोलणारी पोरं. भात मागतात, गोटुलात बैठक घेतात, पहाटेआधी निघून जातात. तिसऱ्या दिवशी पोलीस पार्टी येते. कोण आलं होतं? किती होते? कुठल्या दिशेला गेले? विचारणारा मराठीत नाहीतर हिंदीत विचारतो.

ज्या बाईने परवा भात रांधून वाढला, तिने काय सांगावं? खरं सांगितलं तर पोलीस तासाभराने निघून जाणार, आणि आठवड्याने 'खबऱ्या' म्हणून तिच्या नवऱ्याला घरातून उचलून नेलं जाणार. नाही सांगितलं तर जेवण दिलं म्हणून पोलीस तिच्या मुलाला ठाण्यात नेणार. तिच्या मनात विचारधारा नसते, राज्यघटनाही नसते. एकच प्रश्न असतो: उद्या रात्री इथे कोण असेल?

बंडखोरीचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात मावतं. मासा आणि पाणी ही माओची उपमा सगळ्यांना ठाऊक आहे, बंडखोर हा मासा आणि जनता हे पाणी. मला ती पुरेशी वाटत नाही. पाण्याला मन नसतं. या बाईला आहे. ती दर आठवड्याला हिशोब मांडते, आणि हिशोब बदलला की तिचं उत्तरही बदलतं.

गावात सरकारचं रोज दिसणारं रूप म्हणजे पोलीस पाटील. गावातलाच माणूस, तुटपुंजं मानधन, हातात काठीसुद्धा नाही. नक्षलवाद्यांनी नेमके असे पोलीस पाटील, सरपंच वेचून मारले किंवा धमकावून राजीनामे द्यायला लावले. ठाण्यावर हल्ला केला तर बातमी होते. पोलीस पाटलाने राजीनामा दिला तर आतल्या पानावर दोन ओळी येतात. पण त्या दोन ओळींनी एक अख्खं गाव सरकारच्या नजरेआड जातं.

तरीही सुरुवातीला ही माणसं आत आली तेव्हा गावांनी त्यांना थारा का दिला? केवळ भीतीने नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. त्या काळी जंगल खात्याचा शिपाई हाच इथला राजा होता. शेतीसाठी झाड तोडलं, बांबू आणला, मोह वेचला, सगळ्यावर दंड किंवा लाच. कोंबडी, दारू, फुकटची मजुरी. तेंदूपानाच्या पुडक्यामागे काही पैसे मिळत, कागद कारखान्याचा बांबू तोडण्याची मजुरीही तशीच. दलमने दर वाढवून घेतले आणि शिपायांची दहशत मोडली. ज्या राज्याचा अनुभव फक्त दंडाच्या पावतीतून येतो, त्याच्या बाजूने कोण उभं राहील?

पुढे तेच दलम गावावर राज्य करू लागलं. मतदान करायचं नाही, रस्ता होऊ द्यायचा नाही, पोलीस भरतीला जायचं नाही, घरटी एक मूल संघटनेला द्या. जनअदालतीत, म्हणजे दलमने भरवलेल्या 'न्यायालयात', गावासमोर माणसं मारली गेली. पुढारी बहुतांश तेलुगू भाषक, लढणारी आणि मरणारी पोरं माडिया-गोंड. जंगल शिपायाच्या जागी दुसरा हुकूम आला.

सैन्य गावाच्या जिवावर जगू लागलं की काय होतं, हे मराठी माणसाला नवीन नाही. १६७० च्या दशकात चिपळूणला छावणीत असलेल्या आपल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पत्र लिहिलं. दाणागोटा आत्ताच संपवाल, मग पावसाळ्यात कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी भाजी, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इतकं बारीक त्या पत्रात आहे. सह्याद्रीच्या घाटांचं आपण फार कौतुक करतो. पण घाटातल्या माणसांनी उद्या वाट दाखवली नाही तर त्याच घाटात आपली फौज कोंडली जाईल, हे ओळखून ते पत्र लिहिलेलं आहे.

आणि याच गडचिरोलीच्या जंगलात १८५८ साली बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले. जंगल त्यांच्या पाठीशी होतं, गोंड माणसं होती. इंग्रजांना जंगलात शिरून त्यांना पकडता आलं नाही. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने त्यांना पकडलं गेलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली गेली. जंगल तेच होतं. आतल्या एका सत्ताधारी घराने बाजू बदलली.

भाषा येणारी साठ माणसं

१९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी एक प्रयोग केला. तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक ६० जवानांचं पथक उभं केलं. सी-६० हे नाव त्यावरूनच पडलं. ही मुलं याच जिल्ह्यातली, गोंडी-माडिया बोलणारी. पाण्याचे झरे कुठे, कोणत्या गावाची सोयरीक कोणत्या गावात, बाजार कोणत्या वारी, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पक्षी अचानक गप्प झाले तर का झाले, हेही त्यांना कळतं. गावात गेल्यावर म्हातारीशी तिच्या भाषेत बोलता येतं. बाहेरून आलेल्या हजार जवानांना जी माहिती मिळत नाही, ती अशा माणसाला पाण्याचा तांब्या हातात घेता घेता मिळते.

याची किंमतही मोठी होती. पथकात गेलेल्या अनेकांच्या घरच्यांना गाव सोडून तालुक्याला येऊन राहावं लागलं. चकमक झाली की दोन्ही बाजूंना एकाच भाषेत ओरडणारी पोरं असायची. हे लिहिताना मला विजयाची भाषा सुचत नाही.

आणि स्थानिक पथक असूनही जमीन क्षणात उलटते. २००९ हे वर्ष त्याची साक्ष आहे. १ फेब्रुवारीला मर्केगाव, १५ पोलीस. २१ मे रोजी हत्तीगोटा, १६, त्यांत पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला विधानसभेच्या मतदानाआधी पाच दिवस लाहेरी, १७. तीन ठिकाणी मिळून ४८ जीव. पुढच्या एप्रिलमध्ये दंतेवाड्यात ताडमेटला इथे एकाच दिवशी ७६ जवान मारले गेले.

नदीपलीकडची चूक

इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडने २००५ मध्ये वेगळा मार्ग धरला: सलवा जुडूम. आदिवासी तरुणांना हत्यारं देऊन विशेष पोलीस अधिकारी नेमलं, गावं रिकामी करून माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली. माणसं जंगलातून काढली की नक्षलवादी उघडे पडतील, असा विचार होता. घरं जळाली, हजारो माणसं आंध्रात पळाली, आणि सूडाने पेटलेली कितीतरी मुलं थेट दलमच्या हाती लागली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला.

गावं हलवण्याची कल्पना आली कुठून? मलायात १९५० पासून इंग्रजांनी जंगलाच्या काठावरच्या सुमारे पाच लाख लोकांना तारेच्या कुंपणातल्या नव्या वस्त्यांत नेलं आणि तिथलं बंड मोडलं. लष्करी वर्तुळात ते यशाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. पण तिथले बंडखोर प्रामुख्याने चिनी समाजातले होते, बहुसंख्य मलय जनता त्यांच्यासोबत नव्हती. हलवलेल्यांना पुढे जमिनीचे हक्क मिळाले, आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर लढण्याचं मुख्य कारणच उरलं नाही. नक्कल करणाऱ्यांना नवी वस्ती तेवढी दिसली, बाकीचं कुणी बघितलं नाही. आपल्याकडे १९६७ पासून मिझोरममध्ये हेच झालं. गावं एकत्र कोंबली, झूम म्हणजे फिरती शेती मोडली, लोक उपाशी राहिले. शांतता आली ती १९८६ च्या कराराने, कुंपणाने नाही. बस्तरच्या माणसाचा तर मोह, तेंदू, देव, पूर्वजांचे दगड सगळं जंगलात. त्याला जंगलातून काढणं म्हणजे त्याचं पोट आणि त्याचा देव दोन्ही हिरावणं.

रात्री कोण असतं

गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत जे बदललं ते त्या बाईच्या प्रश्नाशी जोडून पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात वांगेतुरीला एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. मग गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे. सगळी छत्तीसगड सीमेला लागून, जिथे आधी पोलीस येऊन जायचे. आता ते जात नाहीत. ठाण्यांमधल्या 'दादालोरा खिडकी'तून जातीचे दाखले, आधार, योजनांचे अर्ज होऊ लागले. १ जानेवारी २०२५ रोजी या भागात पहिल्यांदा एसटी बस धावली. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर.

त्याच दिवशी ज्येष्ठ नक्षलवादी नेत्या ताराक्का शरण आली. २१ मे २०२५ रोजी अबुझमाडमध्ये नक्षलवाद्यांच्या भाकप (माओवादी) पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरमध्ये ताराक्काचा नवरा, पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या समितीचा, पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. सशस्त्र लढा थांबवावा, असं तो त्याआधीच जाहीरपणे मांडत होता. चाळीस वर्षांपूर्वी तो ज्या जंगलात आला होता, ते अजून जवळपास तेवढंच दाट आहे.

पण या बदलाचं सगळं श्रेय बंदुकीला आणि ठाण्यांना देणं मला पटत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावी आम्हीच सरकार' अशी घोषणा देऊन, हातात शस्त्र न घेता लढा दिला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचं परवाना पुस्तक जंगल खात्याकडून ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले आणि कित्येक गावं बांबू, तेंदू स्वतः विकू लागली. ज्या शिपायाच्या दहशतीमुळे दलमला पहिल्यांदा थारा मिळाला होता, तो शिपाईच या व्यवहारातून बाजूला झाला. बंडखोरीचं कारण कायद्याने काढून घेतल्याचं याहून चांगलं उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरं माहीत नाही.

म्हणून सूरजागडची काळजी वाटते. तिथला लोहखनिजाचा डोंगर परिसरातल्या माडियांसाठी ठाकूरदेवाचा डोंगर आहे. खाणीमुळे रोजगार आला, तसे लाल धुळीचे ट्रकही आले. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे ग्रामसभांनी खाणींविरुद्ध आठ महिने ठिय्या दिला आणि तो नोव्हेंबरात मोडला गेला, त्याच परिसरात, त्याच दिवसांत, जिथे नवं मदत केंद्र उभं राहत होतं. ठाणं गावाच्या रक्षणासाठी आलं की खाणीच्या, हा प्रश्न तिथली माणसं विचारतात. त्याला उत्तर न देता त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजणं ही १९८० आधी झालेलीच चूक ठरेल. तेव्हाही गावं गप्पच होती.

चकमकीच्या आकड्यांऐवजी मी आता छोट्या बातम्या शोधतो. रिकामी पडलेली पोलीस पाटलाची जागा भरली का, आणि भरलेला माणूस गावातच झोपतो का. ग्रामसभेने तेंदूचा लिलाव स्वतः केला का, पैसे वेळेवर वाटले का. ग्रामसभेने 'नाही' असा ठराव केला, तर तो कलेक्टर कचेरीत कुणी वाचला का. आणि पुढच्या जुलैत पर्लकोटा पुन्हा भरून वाहील, तेव्हा पलीकडच्या टोल्यात बाळंतपणाला नर्स मुक्कामी होती का.